जेवणानंतरची इटली

आमच्या घरात ग्रीस सगळ्यांना पाठ होता. रोमही बराचसा. इटलीपाशी मात्र आम्ही कधी पोचलो नाही, कारण रोम पडेपर्यंत भात होत असे.

बाबा शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मी कॉलेजात होते. त्यांनी आयुष्यभर इंग्रजी आणि इतिहास शिकवला. शाळेला ध्वनिक्षेपक नव्हता, बाबा होते. प्रार्थनेनंतरच्या सूचना ते ओसरीवर उभे राहून द्यायचे आणि पलीकडच्या आळीतल्या बायकांनाही उद्या सुट्टी आहे की नाही ते कळायचं. निवृत्तीनंतर हा एवढा आवाज घरात आला आणि घर लहान पडायला लागलं.

वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट होतं. कुणा जुन्या साहेबानं जाताना मागं ठेवलेलं. त्यात बाबांशिवाय जात असे ती फक्त वाळवी. त्यात युरोपातल्या रंगभूमीचा एक जाडजूड इतिहास होता. ग्रीकांपासून सुरू होऊन तो प्रबोधनकाळातल्या इटलीपर्यंत नीट वाचता येई. पुढचा भाग वाळवीनं खाल्ला होता. त्यामुळं बाबांचा युरोप तिथंच संपायचा. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. म्हणायचे, "पुढं नुसती गर्दी झाली असणार."

ते पुस्तक त्यांनी इतक्या वेळा घरी आणलं की ते गावाला सांगितलंच पाहिजे असं त्यांना वाटायला लागलं. वाचनालयाची व्याख्यानमाला होती. मुंबई-पुण्याचे वक्ते यायचे, हापूस खायचे, कोकणी माणूस किती साधा आहे हे सांगायचे आणि पेटी घेऊन परत जायचे. बाबांनी तीन संध्याकाळी मागितल्या. कमिटीनं पुष्कळ विचार करून दिल्या. विषय ऐकून एक सभासद म्हणाले होते म्हणे, "रत्नागिरीत ग्रीसचं काय काम?" बाबांनी उत्तर दिलं, "चिरेखाणी आहेत ना आपल्याकडे."

हे ते गमतीनं म्हणाले नव्हते. गावाबाहेर एक बंद पडलेली चिरेखाण होती. चिरे काढून काढून तिच्या तिन्ही बाजूंना पायऱ्या झालेल्या. बाबा दरवर्षी वर्ग तिथं न्यायचे, पोरांना वरच्या पायऱ्यांवर बसवायचे आणि स्वतः तळाशी उभे राहून साध्या आवाजात बोलायचे. शब्द न् शब्द वर यायचा. ग्रीकांनी नाटकाला असाच डोंगराचा उतार शोधला, ते सांगायचे. सकाळी बसायचं, दिवसभर नाटकं बघायची, खाली नट मुखवटे घालून उभे, आणि हजारो माणसं ऐकतायत. मुखवट्याच्या तोंडात आवाज मोठा करायला कर्णा बसवलेला असे असं काही लोक लिहितात, त्याची त्यांना भारी चीड. "कर्णा कशाला? डोंगर आहे की."

कागद हातात घेऊन बोलणं त्यांना मान्य नव्हतं. कागद आला की डोळे खाली जातात, आणि डोळे खाली गेले की मागचा बाक झोपतो, असं त्यांचं शास्त्र. म्हणून तयारी म्हणजे पडवीत फेऱ्या घालत संपूर्ण व्याख्यान मोठ्यानं म्हणणं. रोज संध्याकाळी, रोज ग्रीसपासून. आई आत खोबरं खवत ऐकायची. तिला एकच प्रश्न होता आणि तो ती रोज विचारायची.

"बायकांचं काम बायका कधी करायला लागतात हो?"

"इटलीत."

"म्हणजे कधी?"

"अजून वेळ आहे. आत्ता रोममधे आहोत."

"मेले पुरुष लुगडी नेसून किती वर्षं काढतात."

"पुष्कळ. तुझ्या माहेरी शिमग्याला नमनाचा खेळ होतो, त्यात अजून काढतायत."

मग आई भात उतरवायची आणि आतून सांगायची, "या आता. तुमची ती इटली जेवणानंतर." जेवणानंतर बाबा आडवे व्हायचे. दुसऱ्या दिवशी परत ग्रीस. आईला मी एकदा म्हटलं, अगं, इटली सांगून होईपर्यंत थांब ना एखाद दिवस. ती म्हणाली, "गार भातानं त्यांचा घसा धरतो गो."

घसा तसाही धरला होता. आधी वाटलं, बोलून बोलून बसला असेल. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या झाल्या. आवाजाला खरखर आली ती जाईना. गावातल्या डॉक्टरांनी आरशानं घशात बघितलं आणि आरसा पुसत पुसत मुंबईला दाखवून या म्हणाले. मुंबईचे डॉक्टर पुसत वगैरे काही बसले नाहीत. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले. काढलं तर माणूस राहील.

परतीच्या बशीत बाबा खिडकीपाशी बसून होते. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "तीन दिवसांचं एका दिवसात बसवायला लागेल." मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत.

ऑपरेशनची तारीख व्याख्यानमालेच्या अलीकडची होती. वाचनालयाचे कार्यवाह बाबांचे जुने विद्यार्थी. ते घरी आले, डोळ्यांत पाणी आणून ऐकलं आणि ऑपरेशनच्या आधी खास एक संध्याकाळ ठरवून टाकली. निघताना दारात म्हणाले, "सर, तुमचा आवाज हे या गावाचं वैभव आहे. आम्ही असंच नाही जाऊ देणार." तेव्हा हे वाक्य चांगलं वाटलं होतं.

बाबांनी सगळं दीड तासात बसवायला घेतलं. आई म्हणाली, "मी एक सांगू? इटलीपासून सुरू करा. मग राहिला तर ग्रीस राहील. त्याला काय, तो सगळ्यांना ठाऊक आहे."

"सगळ्यांना म्हणजे तुला."

"मलाच सांगताय ना रोज?"

"शेवटापासून सुरू करायला मी वकील आहे का?"

इथं आईचं ऐकलं असतं तर, असं मी पुष्कळ वेळा मनात म्हटलं आहे. पण जो माणूस आयुष्यभर कालक्रम शिकवत आला, त्याला ते जमलं नसतं.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. पुढं सोफे, त्यावर गावातले वकील, डॉक्टर, बागायतदार. मागं खुर्च्या, आणि त्याच्याही मागं उभे असलेले देवरूखकडचे विद्यार्थी. बाबांची पहिली नोकरी तिकडची. आता चाळिशी ओलांडलेले, कुणी तलाठी, कुणी शेतकरी, कुणी मुंबईच्या गिरणीतून परत आलेला. सर शेवटचं बोलणार असं कानावर गेल्यामुळं दुपारच्या गाडीनं आले होते. कार्यक्रम सहाला ठेवला होता तो त्यांच्यासाठीच, कारण देवरूखची शेवटची गाडी साडेआठला सुटायची.

सहा वाजता दीपप्रज्वलन सुरू झालं. पंख्याच्या वाऱ्यानं वात टिकेना म्हणून पंखे बंद केले. मग मुलींनी स्वागतगीत म्हटलं. मग प्रास्ताविक. आणि मग कळलं, की कमिटीनं प्रेमानं एक ठराव केला होता: सरांचं व्याख्यान होण्याआधी सरांच्या आवाजाचा सत्कार करायचा.

मला वाटतं असं फक्त आपल्याच लोकांना सुचतं. एका माणसापाशी थोडासा आवाज उरला आहे. तो खर्च करायला तो सगळं मनात जुळवून आला आहे. त्याला शेजारी बसवून ठेवायचं आणि तो आवाज किती थोर आहे यावर बाकीच्यांनी आळीपाळीनं बोलायचं. एकानं सांगितलं, सरांच्या आवाजामुळं मी सरकारी नोकरीत वर चढलो. दुसऱ्यानं सांगितलं, सरांनी मला मैदानातून हाक मारली तेव्हा मी चिंचेवरून पडलो. तिसरे कवी होते. मानपत्र कलाशिक्षकांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, त्यामुळं ते पूर्ण वाचणं भाग होतं. त्यात 'मेघगंभीर' हा शब्द इतक्या वेळा आला की आकाशाकडे बघावंसं वाटलं. शाल झाली, श्रीफळ झालं. पंखे बंदच होते. शालीत घामाघूम झालेले बाबा थर्मासमधलं कोमट पाणी घोटघोट पीत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

आई माझ्या शेजारी. कानाशी म्हणाली, "गो, ह्या लोकांना कुणी सांगेल का, की तुझे बाबा अजून आहेत?"

बाबा उभे राहिले तेव्हा साडेसात वाजून गेले होते. शाल काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि सुरुवात केली. ग्रीसपासून.

ग्रीस त्यांना आखडता आला नाही. चिरेखाण आली, मुखवटा आला, गोल अंगणात नाचत-गात नाटकातल्या माणसांना प्रश्न विचारणारा गावकऱ्यांचा मेळा आला. आवाजाला खरखर होती, पण तो मागं उभ्या असलेल्यांपर्यंत जात होता. मग रोम. "ग्रीकांनी डोंगर शोधला," बाबा म्हणाले. "रोमनांनी डोंगराऐवजी इमारत बांधली. इमारत बांधली म्हटल्यावर उद्घाटन आलं. उन्हाला वर कनाती, प्रेक्षकांवर अत्तराचं पाणी, आणि हे सगळं मी केलं म्हणून सांगायला पुढाऱ्याचं नाव. मग नाटकाची तशी गरज राहिली नाही." मागचे लोक हसले. सोफ्यांवर थोडी हालचाल झाली.

मग नाटकवाल्यांना ख्रिस्ती धर्मानं वाळीत टाकलं ती शतकं. आणि मग ज्या देवळानं त्यांना हाकललं, त्याच देवळात एका सणाला वेदीपाशी चार वाक्यांचं नाटक कसं उभं राहिलं: रिकाम्या थडग्याशी आलेल्या तीन बायका, त्यांना प्रश्न विचारणारा एक देवदूत, आणि सगळी कामं पाद्र्यांनीच केलेली. इथं त्यांनी आईकडे बघितलं. ती मान हलवून जराशी हसली. अजून पुरुषच होते.

तिथून नाटक देवळाबाहेर आलं, गाड्यांवर चढलं आणि बाबा रंगात आले. एकेका धंद्याच्या लोकांनी देवाच्या कथेतला एकेक प्रवेश वाटून घेतला होता, ते म्हणाले. महापुराचा प्रवेश जहाजं बांधणाऱ्यांचा. शेवटच्या जेवणाचा प्रवेश पाव भाजणाऱ्यांचा. गाडी दारोदार जायची, एक प्रवेश झाला की पुढची गाडी. "म्हणजे असं समजा, शिमग्याला आपली पालखी फिरते तशी. मिरकरवाड्याच्या मासेवाल्यांनी मत्स्यावतार करायचा. त्यात मासा खोटा असून चालणार नाही, लोक बघून सांगतील कुठला ते. चिरेखाणवाल्यांनी लंकेचा कोट बांधायचा. आणि दरबाराचा प्रवेश आमच्या कमिटीकडे, कारण शाली त्यांच्यापाशी आहेत."

सभागृह हसत होतं. कार्यवाहही हसत होते. बाबांचा चेहरा वर्गातल्यासारखा झाला होता. आणि मागच्या बाजूला माणसं एकेक करून हलायला लागली.

गाडीची वेळ झाली होती. ते आवाज न करता निघत होते, चपला हातात घेऊन. दाराशी जाऊन वळायचे, हात जोडायचे आणि बाहेर पडायचे. एक जण मधल्या वाटेत घुटमळला. बाबा थांबले तेव्हा त्यालाच बोलावं लागलं.

"सर, गाडी आहे."

"जा रे बाबा. ती काय थांबायची नाही."

तेवढ्याशा बोलण्यात आवाज दोनदा फाटला. भिंतीला टेकून उभे राहणारे सगळे गेले. सोफ्यांवरचे राहिले, त्यांना घर जवळ होतं आणि दोघंतिघं झोपलेही होते. बाबा पाणी प्यायले. "आता इटली," असं म्हणायला तोंड उघडलं, ते मला ओठांवरून कळलं. आवाज आला नाही. नुसती हवा आली. त्यांनी परत पाणी घेतलं, परत प्रयत्न केला. आईनं माझं मनगट धरलं होतं. शेवटी कुजबुजल्यासारखं, पण ध्वनिक्षेपकातून सगळ्यांना ऐकू गेलं असं ते म्हणाले, "उरलेलं पुढच्या वर्षी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी काय आहे ते सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि खूप वेळ वाजवल्या. नंतर आभारप्रदर्शन झालं. ते संपूर्ण झालं.

रिक्षात आई मांडीवर श्रीफळ घेऊन बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "आता मला सांगा. मी भात लावतच नाही आज."

बाबांनी मान हलवली. "नको. कुजबुजून सांगायची ती गोष्ट नाही." मुंबईला जाईपर्यंत घशात होती तेवढी कुजबुज त्यांनी विजेचं बिल, माझी परीक्षा आणि परसातल्या नळाचा वायसर यांवर वापरली.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. माणूस राहिला. गळ्याला भोक पडलं, त्यावर मफलर आला. रत्नागिरीच्या उकाड्यात मफलर घातलेला माणूस लांबून ओळखू येतो. घरात पाटी आली. बाबा पाटीवर पूर्ण वाक्यं लिहायचे, विरामचिन्हांसकट, आणि तोवर आई निम्मं ओळखून कामाला लागलेली असायची. तिनं वाक्य पुरं वाचलं नाही की ते पाटी बोटानं ठोकायचे. भांडणं होत ती अशी. पडवीतल्या फेऱ्या थांबल्या. संध्याकाळी खोबरं खवताना आई कधी कधी एकटीच पुटपुटायची, "डोंगराचा उतार, सकाळची वेळ, खाली नट उभे," आणि बाबा बाहेर बसून ऐकायचे. रोमपाशी ती थांबायची. पुढचं तिलाही नीट येत नव्हतं.

पुढच्या वर्षी कार्यवाह पुन्हा घरी आले. व्याख्यानमालेचं अध्यक्षपद सरांनी स्वीकारावं. बाबांनी पाटीवर एक प्रश्नचिन्ह काढलं. कार्यवाह म्हणाले, "अध्यक्षांनी बोललंच पाहिजे असं कुठं आहे, सर? तुम्ही नुसते बसलात तरी पुष्कळ." मला वाटलं बाबा हो म्हणणार नाहीत. ते हो म्हणाले. त्यांना त्या सभागृहात जायचं होतं.

वक्ते पुण्याचे होते. भारदस्त, कोरे कपडे, आवाज चांगला. विषय नाटकाच्या जन्माचा होता, आणि बाबांसमोर तो विषय ठेवण्यात कमिटीला काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं; उलट त्यांना वाटलं असावं, सरांना बरं वाटेल. बाबा हार घालून मंचावर मोठ्या खुर्चीत, वक्त्यांच्या मागं. वक्ते ग्रीसला पोचले. म्हणाले, "त्या मुखवट्यांच्या तोंडात, रसिकहो, एक कर्णा बसवलेला असे."

बाबांचं बोट वर आलं. वर्गात चुकीचं उत्तर आलं की यायचं तसं. वक्त्यांची पाठ होती, त्यांना दिसलं नाही. समोरच्या कुणाला कळलं नाही. कार्यवाहांनी बघितलं, लगबगीनं उठले आणि बाबांना पाण्याचा ग्लास आणून दिला. बाबा ग्लासाकडे बघत राहिले. मग प्यायले. शेवटी अध्यक्षीय समारोपाच्या वेळी कार्यवाह म्हणाले, "सरांची उपस्थिती हाच आज समारोप आहे," आणि टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पडवीत बसले होते. आई आत होती. बाबांनी पाटी घेतली आणि पट्टीनं रेघा मारायला लागले. पाटीच्या दोन्ही कडांना मोठी घरं, मग त्यांच्याआत लहान घरं, त्याहून लहान, आणि सगळ्यांची छपरं नि जोती तिरकी होत होत मधल्या एका ठिपक्यात मिळालेली. मधोमध लांबवर जाणारा एक रस्ता. चित्रकला त्यांना कधी येत नव्हती, पण रस्ता खराच लांब जात होता.

हे काय ते मला नंतर कळलं, ते पुस्तक मी स्वतः आणून वाचलं तेव्हा. इटलीतल्या राजवाड्यांत नाटकामागं असे खोल जाणारे रस्ते रंगवायचे. नट मागच्या घरांपाशी गेला तर छपरापेक्षा उंच दिसायचा, म्हणून सगळी कामं पुढच्या कडेला करायची. आणि तो रस्ता सभागृहातल्या एकाच खुर्चीवरून बिनचूक सरळ दिसायचा. ती खुर्ची राजाची. बाकीच्यांना घरं थोडी कलंडलेलीच दिसायची. पुस्तकात हे सगळं आहे. मिरकरवाडा नाही, शाली नाहीत, आणखी काय काय नाही ते मला सांगता येणार नाही, कारण ते कधी कुणी ऐकलंच नाही.

बाबांनी रस्त्याच्या पुढच्या टोकाला एक बाई काढली. खांद्यावर पदर, नाकात नथ. मग पाटी समोरच्या खांबाला टेकवून ठेवली, आत गेले आणि आईला मनगटाला धरून बाहेर आणलं. तिचे हात खोबऱ्यानं भरलेले. तिला त्यांनी स्वतःच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची जरा डावीकडे सरकवली, तिच्या डोक्यामागून वाकून बघितलं, पुन्हा थोडी सरकवली. मग बाजूला झाले.

आईनं बराच वेळ बघितलं.

"ही बाईच आहे ना? पुरुष नाही ना लुगडं नेसलेला?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"इटली?"

हो.

ती बघत राहिली. आत भाताला उकळी येऊन झाकण वाजत होतं, ती उठली नाही. मग म्हणाली, "एवढी होती तर आधी सांगायचीत. भात थांबला असता."

बाबा तिच्या शेजारी जमिनीवर बसले. तिथून त्यांना घरं कलंडलेली दिसत असणार.

पाटी त्या रात्री तशीच खांबाला टेकून होती. आईनं तिच्यावर हात पडू दिला नाही. सकाळी मात्र बाबांनीच ती ओल्या फडक्यानं पुसली. चहात साखर जास्त झाली होती, आणि ते सांगायला त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.